काजळी पुसण्याआधी

दीड लाख किलोमीटर धावलेल्या डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) एकदाही उघडला गेला नसेल, तर तो काढून आत पाहिल्यावर धक्का बसतो. जिथून अंगठा सहज आत जायला हवा तिथे करंगळीही जात नाही. कडेने काळा थर चढलेला असतो. एका बाजूला बोटाने दाबला तर त्याचा भुगा होतो, दुसऱ्या बाजूला तो डांबरासारखा हाताला चिकटतो. अशा वेळी हात आपसूक स्प्रेच्या डब्याकडे जातो. तो थोडा वेळ आवरावा, असं मला फार मनापासून सांगायचं आहे. व्हॉल्व्ह कशाने तुंबला याचा पुरावा त्या थरातच असतो आणि एकदा धुतला की तो परत मिळत नाही. मूळ कारण तसंच राहिलं, तर आज चकचकीत केलेला व्हॉल्व्ह काही महिन्यांत पुन्हा त्याच अवस्थेत सापडतो.

मुळात धूर परत इंजिनात सोडायचाच कशाला? सिलिंडरमधलं तापमान साधारण १५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की हवेतल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रोजनची ऑक्साइडं भराभर तयार होऊ लागतात. शहरांवर पसरणारं धुरकं आणि छातीचे विकार यांत या वायूंचा मोठा वाटा आहे. एक्झॉस्टकडे निघालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, वळवला, तर आत जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन घटतो. शिवाय सोबत आलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. ज्वलन थोडं थंडावतं आणि ऑक्साइडं कमी होतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पेट्रोल गाड्यांवर ही योजना दिसू लागली, डिझेलवर ती नंतर रुळली. पेट्रोल इंजिनात परतीच्या वायूचं प्रमाण बहुधा ५ ते १५ टक्के असतं. डिझेलमध्ये हलक्या लोडवर ते निम्म्याच्या आसपासही पोचतं. इंजिन गार असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह बंद राहतो. पेट्रोल गाडीत तो आयडलिंगलाही बंदच हवा. हे लक्षात ठेवा, पुढे तपासताना लागेल.

डिझेलमध्ये खरी अडचण होते ती काजळीला तेल मिळाल्यावर. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून) ब्रीदरच्या, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीने तेलाचा सूक्ष्म फवारा इनटेकमध्ये येतो, ईजीआरमधून काजळी येते, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे लेप धरतो. त्या लेपावर पुढची काजळी बसते. गाडी सतत छोट्या फेऱ्या मारत असेल, इंजिन पुरतं तापतच नसेल, तर त्यात पाण्याचं दवही मिसळतं. पेट्रोल गाडीत थर कमी जाडीचा पण फार कडक असतो. तिथे व्हॉल्व्हच्या आधी मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागातल्या) बारीक वाटा बुजतात.

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलिंग डगमगतं, सिग्नलला गाडी बंद पडते, डिझेल गाडी काळा धूर टाकते आणि पिकअप घेत नाही. बंद अडकला तर बऱ्याचदा चालवणाऱ्याला काही कळतच नाही; पेट्रोल गाडीत मात्र चढावर, मध्यम ॲक्सिलरेटरवर इंजिन खडखडायला लागतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड बघावा. पी०४०१ म्हणजे प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे प्रवाह जास्त, पी०४०३ म्हणजे विजेच्या जोडणीत बिघाड, पी०४०४ म्हणजे सांगितलेली आणि प्रत्यक्षातली हालचाल जुळत नाही. यातला पी०४०१ सगळ्यात फसवा. तो दिसला की लोक थेट नवा व्हॉल्व्ह घेतात, आणि बुजलेली असते पलीकडची वाट, नाहीतर चिरलेली असते व्हॅक्यूमची साधी रबरी नळी.

म्हणून व्हॉल्व्ह जागेवर असतानाच तपासा. व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर हातपंप लागतो. पेट्रोल गाडी आयडलिंगवर ठेवून व्हॉल्व्हच्या व्हॅक्यूम नळीच्या तोंडाला पंप जोडा आणि पाऱ्याच्या साधारण १५ इंचांपर्यंत ओढ द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं, तर व्हॉल्व्ह उघडतो आहे आणि वाटही मोकळी आहे. दोष त्याला हुकूम देणाऱ्या सोलेनॉइडमध्ये (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेत) किंवा नळ्यांमध्ये शोधायचा. व्हॉल्व्हची दांडी वर सरकताना दिसते पण इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तर वाट बुजली. पंपाचा काटा लगेच खाली आला तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला रबरी पडदा) फाटला, आणि फाटका डायफ्राम सफाईने सांधत नाही. एक अपवाद मात्र लक्षात हवा. काही जुन्या पेट्रोल गाड्यांत एक्झॉस्टच्या दाबाची साथ मिळाल्यावरच व्हॅक्यूम धरणारा व्हॉल्व्ह असतो. बंद इंजिनावर तो व्हॅक्यूम धरणारच नाही, तशीच त्याची रचना आहे. असे कितीतरी चांगले व्हॉल्व्ह ‘गेले’ म्हणून भंगारात टाकले जातात.

डिझेल इंजिन या चाचणीत बंद पडत नाही, पण आवाज जड होतो. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर स्कॅनरवर तो उघडण्याचा हुकूम द्या आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा: मागितलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती. सोबत एअर फ्लो सेन्सरचा आकडाही पाहा. व्हॉल्व्ह उघडला की बाहेरून येणारी हवा कमी झाली पाहिजे. स्थिती बदलते पण हवेचा आकडा जागचा हलत नाही, म्हणजे धूर आत येतच नाही.

आता काढण्याकडे वळू. या कामात वेळ खातात ते बोल्ट. वर्षानुवर्षं तापून गार झालेले आणि काजळी-गंजाने जाम झालेले असे ते असतात. आदल्या रात्री त्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पुन्हा एकदा. इंजिन पूर्ण गार हवं. एक्झॉस्टकडची बाजू बराच वेळ तापलेली राहते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. नळ्या आणि कनेक्टर सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, कारण व्हॅक्यूमच्या दोन सारख्या नळ्या उलटसुलट बसल्या तर पुढचा सगळा दिवस त्या शोधण्यात जातो. जुन्या कनेक्टरचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. तो आधी किंचित आत ढकला, मग खटका दाबा, मग बाहेर ओढा. आत ढकलल्याने खटक्यावरचा ताण जातो आणि तो तुटत नाही. रबरी नळी थेट ओढू नये, आधी जागेवर पिळून सैल करावी. टोक कडक होऊन चिरलं असेल आणि लांबी पुरत असेल, तर शेवटचा सेंटिमीटर कापून टाकणं बरं.

व्हॉल्व्हच्या अंगातून कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) फिरत असेल तर नळ्या सोडण्याआधी थोडं कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्या. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतं, म्हणून भांडं मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नका.

बोल्टचं डोकं बहुधा १०, १२ किंवा १३ मिलिमीटरचं, नाहीतर ॲलन किंवा टॉर्क्स प्रकारचं असतं. षटकोनी डोक्याला सहा कोनांचाच सॉकेट लावा. बारा कोनांचा सॉकेट जाम बोल्टचं डोकं गोल करतो. ॲलन किंवा टॉर्क्सच्या खाचेत काजळी ठासून भरलेली असते. ती सुईसारख्या टोकाने पूर्ण उकरून काढा आणि बिट हातोडीच्या एका-दोन ठोक्यांनी तळापर्यंत बसवा. हा एक मिनिट वाचवायला गेलं की खाच झिजते आणि मग ड्रिल काढावं लागतं. पहिली हालचाल आवळण्याच्या दिशेने, अगदी जराशी. मग सोडवायला लागा. पाव फेरा सुटला की परत आत घ्या, तेल सोडा, पुन्हा पाव फेरा. बोल्ट सुटताना कर्रकन आवाज आला तर चांगलं लक्षण. आवाज नाही आणि हाताला स्प्रिंगसारखी लवचीक ओढ जाणवते आहे, तर तिथेच थांबा: आटे हललेले नाहीत, बोल्टची मान पिळवटते आहे आणि पुढच्या जोराला ती तुटेल. अशा जागी इम्पॅक्ट गन मला पटत नाही. ॲल्युमिनियममध्ये बसलेला लोखंडी बोल्ट असेल तर इंजिन कोमट करून बघावं. ॲल्युमिनियम जास्त प्रसरण पावतं आणि पकड थोडी ढिली होते.

एक्झॉस्टकडून येणारी पन्हळीदार नळी असेल तर तिची दोन्ही टोकं सोडल्याशिवाय व्हॉल्व्ह हलवू नका. ती पिळली की घडीत चीर पडते आणि ती चीर गाडी सुरू केल्यावर फटफट आवाजानेच कळते. व्हॉल्व्ह निघाला की दोन्ही उघड्या तोंडांत मोठी, धागे न सुटणारी चिंधी कोंबा, शेपूट बाहेर ठेवून. लहान बोळा आत ओढला गेला तर थेट इनटेक व्हॉल्व्हपर्यंत जातो.

व्हॉल्व्ह कागदावर ठेवा, उजेड आणा आणि काजळी बघा.

थर कोरडा, मऊसर आणि जाड असेल, तर इंजिनाला हवा कमी पडते आहे किंवा इंधन नीट फवारलं जात नाही. एअर फिल्टर, इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा गार करणाऱ्या भागाच्या) नळ्यांची चीर आणि मग इंजेक्टर, या क्रमाने बघावं. थर ओला, चकाकणारा, तेलकट असेल तर ब्रीदरचा तेल-विभाजक तुंबला आहे किंवा टर्बोकडून तेल येतं आहे. इंटरकूलरची खालची नळी सोडून बघा. तेलाचा किंचित ओलावा चालतो, ओतता येईल इतकं तेल चालत नाही. थर काळा, ओलसर, पण तेलाचा वास नाही आणि गाडी कायम छोट्या अंतराची, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. तो उघडा अडकला असेल तर तापमानाचा काटा मध्यापर्यंत पोचतच नाही आणि इंजिन सदाच गार चालतं.

चौथी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळीकडे काळं असताना मध्येच धातू स्वच्छ धुतलेला दिसतो, एखादा ओघळ उतरल्यासारखा, आणि त्याच्या कडेला पांढुरकी किंवा कूलंटच्या रंगाची पुटी असते. तो धातू कूलंटने धुतला आहे. ईजीआर कूलर, म्हणजे परतीचा धूर कूलंटने गार करणारा भाग, आतून गळतो आहे, आणि वाढलेली गळती सिलिंडरमध्ये पाणी भरून कनेक्टिंग रॉड वाकवू शकते. ‘कूलंट कमी होतं पण खाली कुठे थेंब दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर हे हमखास तपासावं. ज्याने आधी स्प्रे मारला, त्याने ही खूण स्वतःच्या हाताने पुसून टाकली.

सफाईला हातमोजे, चष्मा आणि मास्क हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसाला कर्करोगकारक ठरवला आहे, आणि तुमच्या हातात त्याचाच घट्ट झालेला थर आहे. म्हणून कोरड्या काजळीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडून कागदावर पाडा. मग कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) किंवा ईजीआरसाठी मिळणारा क्लीनर मारून १५-२० मिनिटं मुरू द्या, नायलॉनच्या किंवा पितळी ब्रशने घासा, पुसा, पुन्हा मारा. तीन-चार आवर्तनं लागतात. पोलादी ब्रश आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक बैठकीच्या (दांडीचं टोक जिथे टेकून वाट बंद करतं त्या जागेच्या) गोल कडेला लावू नका. तिथला एक ओरखडा कायमची गळती होतो.

व्हॉल्व्ह धरताना मोटर किंवा डायफ्राम वर आणि धुराचं तोंड खाली. द्रावण दांडीच्या कडेने मोटरमध्ये उतरलं तर आतल्या सेन्सरचा आणि ग्रीसचा निकाल लागतो. रबरी डायफ्रामला कार्ब क्लीनर सोसत नाही. मोटर वेगळी होत असेल तर धातूचं अंग रात्रभर भिजवायलाही हरकत नाही. कॉस्टिक सोडा किंवा तो असलेले ओव्हन क्लीनर मात्र वापरू नका: काजळी निघते, पण त्याबरोबर ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हची पाकळी किंवा दांडी जोर लावून ढकलायची नाही. आतले दाते बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. हलक्या हाताने जेवढी हलेल तेवढी हलवावी, बाकीची काजळी मऊ होण्याची वाट बघावी.

स्वच्छ झाल्यावर बैठक तपासा. दांडीच्या टोकावर आणि बैठकीवर सलग चकाकती गोल रेघ दिसली पाहिजे. जिथे रेघ तुटते तिथे खडा अडकून राहत होता. मग व्हॉल्व्ह बंद स्थितीत, मोटरकडे किंवा डायफ्रामकडे काही उतरणार नाही असा धरा आणि एका तोंडात थोडं रॉकेल ओता. दोन-तीन मिनिटांत एखाद-दुसरा थेंब झिरपला तर चालेल. धार लागली तर पुन्हा घासा. तरीही धार थांबत नसेल, किंवा दांडी आडवी डगमगत असेल, तर नवा व्हॉल्व्ह घ्यायची वेळ झाली आहे. चाचणीनंतर व्हॉल्व्ह पूर्ण वाळू द्या. ओलं द्रावण घेऊन तो गरम एक्झॉस्टला जोडणं म्हणजे आगीला बोलावणं.

व्हॉल्व्ह जिथे बसतो ते मॅनिफोल्डचं तोंडही तितकंच बुजलेलं असतं. हाताला येईल तेवढं खरवडा आणि भुगा व्हॅक्यूम क्लीनरने ओढत राहा. तिथे स्प्रेचा मारा करू नका. मऊ झालेले तुकडे एकदम सिलिंडरमध्ये जातात, आणि साचलेलं द्रावण डिझेल इंजिनाला इंधनासारखं मिळून ते सुसाट सुटू शकतं. थर फार आत असेल तर मॅनिफोल्ड काढूनच धुवावा. मॅनिफोल्डवरच्या दाब मोजणाऱ्या सेन्सरचं टोकही काजळीने लिंपलेलं असतं. ते सेन्सरच्या क्लीनरने धुवा, काडी आत घालू नका.

बसवताना पॅकिंग नवीनच. जुनं धातूचं पॅकिंग एकदा दबलं की पुन्हा सील धरत नाही, आणि त्याच्या जागी सिलिकॉन लावायचा मोह झाला तरी एक्झॉस्टच्या उष्णतेपुढे ते टिकत नाही. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत जातात का बघा. अडले तर आटे साफ करा, पान्याने रेटू नका. आवळताना समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने घ्या. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. अंदाज म्हणून ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५. आट्यांना उष्णता सोसणारं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलं असेल तर थोडं कमीच, कारण निसरड्या आट्यांवर तोच आकडा जास्त ताण देतो.

कूलंट काढलं असेल तर भरा आणि हवा काढा. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हला आपली बंद स्थिती नव्याने शिकवावी लागते: काही गाड्यांत नुसती इग्निशन चालू-बंद केल्याने ते होतं, काहींत स्कॅनरने करावं लागतं. हे राहिलं तर स्वच्छ व्हॉल्व्ह असूनही पी०४०४ परत येतो. कोड पुसा आणि इंजिन सुरू करा. पहिली काही मिनिटं थोडा धूर येईल, उरलेलं द्रावण जळतं. गार इंजिनावर टिकटिक ऐकू आली तर पॅकिंगशी गळती आहे. दुसऱ्या दिवशी तिथे काळी रेघही दिसेल.

बरेच जण यावर सोपी वाट सुचवतात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी पत्रा लावून तो कायमचा बंद करायची. मला ही वाट मान्य नाही. अनेक देशांत रस्त्यावरच्या गाडीत ते बेकायदा आहे, पेट्रोल इंजिन त्याने खडखडतं, आणि वाचलेल्या सफाईची किंमत त्या गाडीमागे चालणाऱ्याच्या फुप्फुसांना द्यावी लागते. व्हॉल्व्ह सारखा तुंबत असेल तर इंजिन काही सांगतं आहे. पत्र्याने ते ऐकू येणं बंद होतं, बिघाड तिथेच राहतो.

गाडी २०-२५ किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, इंजिन पुरतं तापेल अशी चालवून आणा आणि स्कॅनरवरचे ते दोन आकडे पुन्हा पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघा. पुढे १५-२० हजार किलोमीटरनंतर इनटेकची नळी तेवढी सोडून टॉर्चने आत बघितलं तरी पुरतं: थर पातळ आणि कोरडा असेल तर नळी परत लावा, व्हॉल्व्हला हात लावायचं कारण नाही.